सिनेमा, अ‍ॅनिमे, मांगा: संवाद नकोत, प्रसंग सांगा

रानजाई

मंडळी, नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आठवी-नववीच्या निम्म्या वह्यांवर मांगांचा (जपानी चित्रकथांचा) नायक नारुतो नाहीतर लुफी चिकटवलेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेअर' या अ‍ॅनिमेचा (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा) 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा आपल्याकडे थिएटरात लागला, तेव्हा आमची काही मुलं मोठ्या भावांना सोबत घेऊन एसटीने शहरात जाऊन बघून आली. मुलांशी बोलता यावं म्हणून मी बघायला लागले आणि आता स्वतःच्या ओढीने बघते.

पण या विषयावर आपल्याकडे जे फिरतं ते बहुतेक 'हार मानू नका', 'स्वतःवर विश्वास ठेवा' एवढ्यावर थांबतं. अर्ध्या मिनिटाची रील, मागे चढत जाणारं संगीत, वर एक वाक्य. बघताना अंगावर काटा येतो आणि संध्याकाळी आपण होतो तिथेच असतो. मला वाटतं, शिकण्यासारखं त्या वाक्यात फारसं नसतंच. पात्र हरल्यावर, नाकारलं गेल्यावर दुसऱ्या दिवशी उठून काय करतं, तिथे खरा ऐवज असतो. म्हणून हा धागा काढला. एक प्रसंग सांगा, आणि त्यामुळे तुमच्या वागण्यात काय बदललं तेही सांगा. बदल बारीक असला तरी चालेल. (रसभंगाचा इशारा आत्ताच देऊन ठेवते. पुढे सगळीकडे कथा उघड होणार.)

सुरुवात मी करते.

'हाइक्यू' ही व्हॉलीबॉलवरची मांगा. हारुइची फुरुदाते यांची, २०१२ ते २०२० अशी चालली, ४५ खंड. नायक हिनाता ठेंगणा, उडी मात्र जबरदस्त. पुढे एक वळण असं येतं की त्याचा जोडीदार कागेयामा याला राष्ट्रीय युवा शिबिराचं बोलावणं येतं, संघातल्या आणखी एकाला जिल्ह्याच्या शिबिराचं येतं, आणि हिनाताला कुठलंच नाही. मग हा पठ्ठ्या बोलावणं नसताना त्या दुसऱ्या शिबिरात जाऊन उभा राहतो. तिथले वाशिजो सर त्याला स्पष्ट सांगतात की तुला खेळू देणार नाही. तो म्हणतो, मग चेंडू उचलायला ठेवा. आणि खरोखर पूर्ण शिबिरभर तो चेंडू गोळा करतो, पाण्याच्या बाटल्या भरतो, जमीन पुसतो.

दुसऱ्या कुठल्या कथेत दिग्दर्शकाने इथे त्याला अपमान गिळायला लावला असता आणि शेवटच्या दिवशी कोर्टावर उतरवून टाळ्या घेतल्या असत्या. इथे तसं होत नाही. पहिले दिवस त्याला नुसतं चरफडायला होतं. मग हळूहळू तो बघायला लागतो. चेंडू हातात नसल्यामुळे त्याला बाकीचं दिसू लागतं: रिसीव्ह घेणाऱ्याचे पाय सर्व्हिस सुटण्याआधीच कसे हलतात, ब्लॉक करणारा कुणाकडे बघतो, चेंडू नेमका कुठे पडणार हे चांगल्या खेळाडूला इतकं आधी कसं कळतं. आजवर तो उडी आणि वेग एवढ्यावर खेळत होता. रिसीव्हला कच्चा होता. तो खेळ समजायला लागतो ते बाहेर उभं राहून.

आमच्याकडे संघात बारा मुली, कोर्टावर सहा. उरलेल्या सहा जणी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या नाहीतर केस विंचरायच्या. हा भाग बघितल्यावर मी त्यांना कोर्टाच्या मागच्या रेषेबाहेर उभं करायला लागले, हातात वही. समोरची सर्व्हिस करण्याआधी कुठे बघते, चेंडू कुठे पडला, आपली कोण हलली आणि कोण जागेवर खिळून राहिली. पहिल्या आठवड्यात वह्यांत काही धड नव्हतं. नंतर एका मुलीने येऊन सांगितलं, "बाई, ती पाच नंबरवाली डावा खांदा पुढे काढते तेव्हा चेंडू लाइनवरच येतो." मी इतकी वर्षं शिकवते आहे, मला ते दिसलं नव्हतं. ती मुलगी अजूनही पहिल्या सहांत नाही. पण सामन्यात टाइम-आउट घेतला की आता सगळ्या तिच्याकडे बघतात.

आता तुम्ही सांगा.

तालकाठी

वा, ताई. नेमका धागा.

माझं 'स्लॅम डंक'. ताकेहिको इनोउए, १९९० ते १९९६. साकुरागी नावाचा दांडगट पोरगा, बास्केटबॉलमध्ये अगदी नवखा. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी बाकीचा संघ सरावाला बाहेरगावी जातो आणि आंझाई सर याला मागे ठेवून घेतात. आठवडाभरात वीस हजार जंप शॉट. लोकांना हा आकडा लक्षात राहतो. मला लक्षात राहिलं ते त्याच्या आधीचं: सर त्याच्या शॉटचं व्हिडिओ चित्रण करून घेतात आणि त्यालाच दाखवतात. स्वतःला प्रतिभावंत म्हणवणारा तो पोरगा पडद्यावर स्वतःला बघतो आणि हादरतो. आपण असे दिसतो हे त्याला माहीतच नसतं. वीस हजारांची मोजणी त्यानंतर सुरू होते.

मी तबला शिकतो, नोकरी सांभाळून. हे वाचल्यावर मोबाइल समोरच्या फडताळावर उभा करून रियाज चित्रित करायला लागलो. कायदा दुगुनीत गेला की माझा उजवा खांदा कानाकडे सरकतो आणि डग्ग्यावरचं मनगट ताठ होतं. गुरुजी हेच सांगत होते, मी हो म्हणत होतो आणि वाजवत होतो. डोळ्यांनी बघितल्यावर लय खाली आणावी लागली. बरीच खाली. अजून तिथेच आहे, पण बोल आता सुटे ऐकू येतात.

जलधारा

+१. वाचतेय. सवडीने लिहीन.

पेठेतला_पाहुणा

रानजाईताई, धागा आवडला, पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नका.

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आमच्या अभ्यासिकेत टेबलाटेबलावर ही पोस्टरं आहेत. रात्री अकराला चहाच्या टपरीवर जो तो एकमेकाला हेच ऐकवतो: पडलास तर ऊठ, जग तुझ्या विरोधात असेल तरी लढ. या कथांचं गणित ठरलेलं आहे. मेहनत घेतली, जिद्द धरली की शेवटी जमतंच. आमच्याकडे जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. मेहनत सगळेच घेतात. मग न जमलेल्याने काय समजायचं, आपली जिद्द कमी पडली? माझ्या खोलीतला एक दादा हेच समजून बसला होता. तिशी उलटली तरी गावी तोंड दाखवायला तयार नव्हता.

आणि ज्या कथा मेहनतीचं गुणगान करतात त्या तरी शब्दाला जागतात का? नारुतो सुरुवातीला नापास होणारा, कुणी विचारत नाही असा पोरगा. नेजी त्याला म्हणतो की माणसाचं नशीब जन्मातच ठरतं, आणि नारुतो त्याला हरवून ते खोटं पाडतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे कळतं की नारुतो तर चौथ्या होकागेचा, म्हणजे गावाच्या प्रमुखाचा, मुलगा. पोटात नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याची ताकद तर पहिल्यापासूनच होती. निव्वळ मेहनतीवर उभा राहिलेला एकच होता, रॉक ली. त्याचं काय झालं, आठवतंय ना?

मला वाढवलं ते एका मराठी सिनेमाने. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल', २०२०. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं होतं त्याला. शरद नेरुळकर शास्त्रीय गाणं शिकतो, गुरूंची सेवा करतो, रियाज करतो, स्पर्धेत हरतो, पुन्हा रियाज करतो. वर्षं जातात आणि तो मोठा गवई होत नाही. एवढंच. लग्न होतं, मूल होतं, गाण्याशी जोडलेलं दुसरं काम उभं राहतं. सिनेमा त्याला हिणवत नाही आणि उगाच गोंजारतही नाही. मी तो बघून पहाटेपर्यंत जागा होतो. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना बसवून सांगितलं, परीक्षा देईन, पण यापुढे सोबत नोकरीही करणार. आता सकाळी एका दुकानाचे हिशेब बघतो, दुपारनंतर अभ्यास. वडील पहिल्यांदा गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं केलंस."

रानजाई

पाहुणे, राग कसला. हाच प्रतिसाद हवा होता.

रॉक लीबद्दल मात्र थोडं बोलते. गारा नावाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो हरतो, हातपाय मोडतात, पुन्हा लढता येईल की नाही याचीच शंका. माझ्या मते ती कथेची लबाडी नाही, सगळ्यात प्रामाणिक जागा आहे. मात्र पुढे नारुतोच्या बाबतीत लेखक घराण्याकडे वळला हे तुमचं म्हणणं मान्य.

'हाइक्यू'तही असाच एक भाग आहे जो रीलमध्ये कधी येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत कामोमेदाई संघाविरुद्ध ऐन भरात असताना हिनाताला ताप येतो. तो उभं राहायला बघतो, पण त्याला बाहेर काढतात, आणि संघ तो सामना हरतो. ताकेदा सर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून समजावतात की शरीराची काळजी घेणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे. किशोरांच्या खेळकथेत नायक तापाने बाहेर बसतो आणि संघ हरतो, हे लिहायला हिंमत लागते. माझ्या मुली पाळीचं दुखणं, घोट्याचं दुखणं लपवून खेळतात. 'ताई, काही नाही' म्हणतात. हा भाग मी त्यांना मुद्दाम दाखवला. त्यानंतर निदान दोघी-तिघी आपणहून येऊन सांगायला लागल्या.

तालकाठी

पाहुणे, 'डिसायपल' माझाही जीव की प्राण. पण तुम्ही म्हणता ते मला त्यात दिसलं नाही. शरद रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो आणि कानात काय असतं? त्याच्या गुरूंच्या गुरू माई, त्यांची ध्वनिमुद्रित भाषणं. साधना, त्याग, पावित्र्य. आवाज सुमित्रा भावेंचा, इतका शांत की आपणही त्यात बुडतो. म्हणजे रानजाईताई ज्या वाक्यांबद्दल बोलतात तीच ती, फक्त फार उच्च दर्जाची. तो माईंना ऐकतो, गुरूंना ऐकतो, आणि स्वतःचं गाणं? साकुरागीला जसा कुणी त्याचाच व्हिडिओ दाखवला, तसं शरदला कुणी दाखवलं नाही, आणि दाखवायला गेलं तर त्याला ते सोसत नाही. मेहनत वाया जाते ही त्या सिनेमाची गोष्ट आहे असं मला नाही वाटत.

पेठेतला_पाहुणा

दादा, नाही पटलं. तो रियाज करतो, गुरू त्याला चुका दाखवतात, तो पुन्हा बसतो. सगळं करूनही ते एक काहीतरी येत नाही. तुम्ही त्याचा दोष शोधताय कारण दोष सापडला की आपल्याला धीर येतो: आपण तो दोष टाळला की आपलं जमेल. मला तो सिनेमा आवडतो तो याचसाठी की तो असा धीर देत नाही.

तालकाठी

हं. यावर विचार करावा लागेल.

दूधकट्टा

लांबलचक लिहितोय, धारा आटोपून बसलोय.

पाहुण्यांच्या बोलण्यावरून आठवलं. 'फुलमेटल अल्केमिस्ट'वाल्या हिरोमु आराकावा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या होक्काइदोतल्या गोठेवाल्या घरातल्या. कृषी शाळेत शिकल्या आणि मांगाकार व्हायच्या आधी काही वर्षं घरच्या गोठ्यावर राबल्या. त्यांचीच दुसरी मांगा 'सिल्व्हर स्पून', २०११ ला सुरू झालेली, १५ खंड. लढाया नाहीत, जादू नाही. शेण, दूध, डुकरं, कर्ज. मी गाई सांभाळतो, त्यामुळे पानापानावर ओळखीचं. पहाटे चारला उठणं, कासदाह, वासरू अडणं, सगळं बिनचूक. शहरातल्या माणसाने लिहिलेलं शेत लगेच कळतं. इथे तसं एकदाही वाटलं नाही.

नायक हाचिकेन साप्पोरोचा, अभ्यासात हुशार, परीक्षेच्या दडपणाने पार पिचलेला. घरापासून लांब जायचं एवढ्यासाठी तो वसतिगृह असलेल्या कृषी शाळेत येतो. बाकी सगळ्यांना पुढे काय करायचं ते ठाऊक, त्यालाच नाही. तिथे त्याला डुकराचं एक अशक्त पिल्लू भेटतं, ज्याला आईच्या सडापर्यंत पोचता येत नाही. सगळे सांगतात, नाव ठेवू नकोस, जीव लागेल. तो नाव ठेवतोच, आणि तेही भातावर घालून खायच्या डुकराच्या मांसाच्या पदार्थाचं: बुतादोन. काही महिन्यांनी ते कत्तलखान्यात जातं. इथे कुणीही लेखक पिल्लाला वाचवून मोकळा झाला असता. आराकावा नाही वाचवत. सुट्टीत गोठ्यावर राबून मिळवलेल्या पैशांत हाचिकेन त्याचं सगळं मांस विकत घेतो, धुरी देऊन बेकन करतो आणि मित्रांबरोबर खातो. रडतोही आणि चव छान आहे असंही म्हणतो. मी माळकरी घरातला, मांस खात नाही. तरी भाकड गाय दाराशी उभी असली की शेतकऱ्याच्या पोटात काय कालवतं ते या पानांत जसं आलंय तसं मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. तो उत्तर देत नाही. फक्त तोंड फिरवत नाही.

पण मला सांगायचाय तो प्रसंग वेगळा. त्याचा वर्गमित्र कोमाबा, बेसबॉलचा पट्टीचा गोलंदाज. घरी बाप नाही, गोठा कर्जात. व्यावसायिक खेळाडू होऊन कर्ज फेडायचं हा त्याचा बेत. संघ हरतो. गोठा बंद होतो, गाई गाडीत घालून नेल्या जातात, पोरगा शाळा सोडतो. पाहुणे, बघा: मेहनत होती, गुण होता, जमलं नाही. आणि तेवढ्यावर संपत नाही. कोमाबाच्या घराला त्यांची वर्गमैत्रीण मिकागे हिचं घर जामीन राहिलेलं असतं. त्यामुळे तिच्या घरचे घोडे विकावे लागतात.

जामीन! जपानी पुस्तकात हे वाचताना मी सरळ उठून उभा राहिलो. माझे वडील एका नातेवाइकाला पतसंस्थेत जामीन राहिले होते. त्या नातेवाइकाने हप्ते थकवले, वसुली आमच्या दारात. घरात हे आम्हा पोरांना कधी सांगितलं नाही. आम्हाला एवढंच दिसायचं की आई दागिने घालत नाही आणि वडील फोन वाजला की बाहेर जातात.

मांगात पुढे काय होतं? मिकागे सगळ्या घराला समोर बसवून सांगते की मला गोठा चालवायचा नाही, घोड्यांसोबत काम करायचंय. एकुलती एक मुलगी. फार अवघड पान आहे ते. हाचिकेन तिच्यासाठी भाषण ठोकत नाही, शेजारी बसून राहतो. मग तिची विद्यापीठ प्रवेशाची तयारी करून घेण्याचं काम अंगावर घेतो. ज्या अभ्यासाला कंटाळून तो पळाला होता तोच अभ्यास आता दुसऱ्याच्या कामी येतो.

मी ते वाचून आमच्या घरात कर्जाची वही जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. बायको, दोन्ही मुली, म्हातारी आई. कुणाचं किती देणं, कधी फिटेल, सगळं वाचून दाखवलं. धाकटी रडली. थोरली म्हणाली, "पप्पा, मला गाई नाही करायच्या. सांगायची भीती वाटत होती." ती आता नर्सिंगला आहे. धाकटीला मात्र गोठ्याचा लळा आहे, दूध संकलनाच्या चिठ्ठ्या तीच लावते. कर्ज आहे तेवढंच आहे. फोन वाजला की आता कुणी बाहेर जात नाही.

जलधारा

दादा, काय लिहिलंत! वाचनखूण साठवली.

हाचिकेनबद्दल एकच जोडते. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. शाळेच्या जत्रेच्या वेळी प्रत्येकाचं काम अंगावर घेतो आणि जत्रेच्याच दिवशी कोसळतो. बाकीच्यांची जत्रा होते, त्याची राहून जाते. मी घरातली थोरली सून. दिवाळीत हे पान मला फार आठवतं.

पिवळा_मातकट

मी या धाग्यावरचा बहुधा सर्वांत वयस्क. चित्रकलेचा शिक्षक होतो, आता निवृत्त. नातीने 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' दाखवला, हायाओ मियाझाकींचा, १९८९ चा. एइको कादोनो यांच्या पुस्तकावरून केलेला.

किकी तेरा वर्षांची छोटी चेटकीण. अनोळखी शहरात येते आणि झाडूवरून उडत लोकांच्या वस्तू पोचवायचं काम करते. एक दिवस तिला उडता येत नाही. मांजराचं बोलणंही कळेनासं होतं. कुणी शाप दिलेला नाही, कुणी खलनायक नाही. जे सहज येत होतं ते येईनासं झालं, बस. मग जंगलातल्या लाकडी घरात राहणारी उर्सुला नावाची चित्रकर्ती तिला सांगते की तिचंही असं होतं. अशा वेळी ती आधी काढत राहते, काढत राहते. तरीही नाहीच जमलं तर थांबते. फिरायला जाते, दुपारची झोपते, काहीच करत नाही. मग केव्हातरी पुन्हा काढावंसं वाटतं.

निवृत्तीनंतर माझा हात असाच थांबला होता. शाळेत असताना वाटायचं, एकदा मोकळा झालो की रोज चित्र. मोकळा झालो आणि कागदासमोर बसलो की नुसती चिडचिड. घरचे म्हणायचे, रोज बसा, सवय मोडू नका. सिनेमा बघितल्यावर मी रंग कपाटात ठेवले आणि मंडईत जायला लागलो. वही न घेता. वांग्यांच्या ढिगावर पाणी मारल्यावर जांभळ्यात जो हिरवा उमटतो तो किती वर्षं मी पुस्तकी पद्धतीने रंगवत होतो! तो बघायला पुन्हा पुन्हा गेलो. पावसाळ्यानंतर रंग बाहेर काढले.

रानजाई

काका, फार सुंदर. पण शिक्षिका म्हणून एक अडचण विचारते. 'थांब, विश्रांती घे' हे दहावीच्या मुलांना सांगितलं की ती लगेच सगळंच सोडून मोबाइल घेऊन बसतात. मग काय सांगायचं?

पिवळा_मातकट

बाई, उर्सुला आधी काढत राहते, हे विसरायचं नाही. तिची विश्रांती कामाच्या पोटातली आहे. जो बसलाच नाही त्याला थांबायचं काय? आणि ती थांबते म्हणजे डोळे मिटत नाही, उलट बघते. मोबाइलमध्ये बघणं होतं का, हे मुलांनाच विचारा. माझ्या नातीने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटलं होतं.

ओढ्याकाठी

मला लिहायला जड जातंय, तरी लिहितो.

'विनलँड सागा'. माकोतो युकिमुरा यांची मांगा, २००५ ते २०२५; तिच्यावरून अ‍ॅनिमेही निघाली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीचे व्हायकिंग. थोरफिनच्या डोळ्यांसमोर त्याच्या बापाला मारलं जातं आणि मारवणाऱ्या आस्केलाडचा सूड घ्यायचा म्हणून हा पोरगा त्याच्याच टोळीत राहून मोठा होतो. बापाने जाण्याआधी त्याला सांगितलेलं असतं की जगात कुणीच तुझा शत्रू नाही. पोराला ते कळत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी आस्केलाड मरतो, पण दुसऱ्याच्या हातून. थोरफिन रिकामा होतो.

दुसरा सीझन आला २०२३ मध्ये, आणि तिथे पुष्कळ प्रेक्षक वैतागले. कारण तलवारी गेल्या आणि शेत आलं. थोरफिन डेन्मार्कमधल्या केतिलच्या शेतावर गुलाम. आयनार नावाचा दुसरा गुलाम, ज्याचं घरदार अशाच लढवय्यांनी उद्ध्वस्त केलेलं. दोघांना जंगलाचा एक तुकडा दिलाय: झाडं तोडा, बुंधे उपटा, गहू पेरा, त्यातून स्वतःची किंमत फेडा आणि सुटा. नांगराला घोडा लागतो, तर मालकाच्या म्हाताऱ्या बापाकडे काम करून तो मागून आणतात. भाग संपतो आणि काय झालं विचाराल तर एक बुंधा निघाला. माणसं मारण्यापलीकडे ज्याला काही येत नव्हतं तो पहिल्यांदा पेरतो आणि उगवलेलं बघतो. झोपेत त्याला मेलेली माणसं दिसतात ती दिसतच राहतात.

आमच्या घरी वडील आणि चुलते यांच्यात बांधावरून दावा होता. मी शाळेत असल्यापासूनचा. बांध म्हणजे किती, बैल वळेल एवढी पट्टी आणि एक जांभूळ. वडिलांचं सगळं आयुष्य त्या फायलीभोवती. तारखेच्या आदल्या रात्री ते कागद पुन्हा पुन्हा लावायचे. सणाला नवे कपडे नाही झाले तरी वकिलाची फी जायची. दोन्ही घरांतली पोरं एकाच शाळेत, एकाच बाकावर, आणि घरी बोलायची बंदी. शेवटी निकाल लागला, आमच्या बाजूने. पेढे वाटले. आणि दुसऱ्या आठवड्यापासून वडील पडवीत बसून राहायला लागले. काही विचारलं तर 'हं'. डॉक्टर झाले, देवऋषीही झाला. आम्हाला कळेना, जिंकलाय तर हा माणूस असा का.

आस्केलाड मेल्यानंतरचा थोरफिन बघितला आणि मला वडील दिसले. ज्याच्याविरुद्ध जगायचं तेच संपलं.

मी त्यांना काही बोललो नाही. समजावण्यात अर्थ नव्हता, ते कुणाचं ऐकणारे नव्हेत. ती पट्टी आता आमची होती आणि तिच्यावर नुसता घाणेरी-कुंदा माजला होता. कुदळ घेऊन मी एकटाच तिथे साफ करायला लागलो. काही दिवसांनी ते आले, काठावर उभे राहून माझी कुदळ धरायची पद्धत कशी वाईट आहे ते सांगायला लागले. मग हातातून काढूनच घेतली. आम्ही तिथे तूर लावली. चुलत्यांशी बोलणं अजून नाही. चुलतभाऊ मात्र एकदा पलीकडून म्हणाला की पाणी हवं असेल तर मोटर चालू आहे, पाइप टाक. वडील तिथेच होते. ते काही बोलले नाहीत, आणि मी पाइप टाकला.

दूधकट्टा

भाऊ... तूर कशी आली?

ओढ्याकाठी

बरी आली. शेंग पोखरणाऱ्या अळीने थोडी खाल्ली. यंदा बांधाला झेंडू लावणार आहे.

पेठेतला_पाहुणा

ओढ्याकाठी, तुमचा प्रतिसाद खोलीतल्या त्या दादाला वाचून दाखवला. त्याने दुसरा सीझन कंटाळून सोडला होता. आज पुन्हा सुरू केलाय.

तालकाठी, आपला वाद राहिलाय बरं का.

तालकाठी

आहे लक्षात. 'डिसायपल' या रविवारी परत बघणार आहे. आधी शरदच्या गाण्याकडे कान देऊन बघतो, मग बोलू.

सईची_आई

सगळं एका दमात वाचलं. मुलगी दहा वर्षांची आहे, तिच्याबरोबर काय बघू? आणि 'विनलँड' माझ्यासाठी की तिच्यासाठीही?

रानजाई

'विनलँड' तुमच्यासाठी. रक्तपात खूप आहे, तिला आत्ता नको.

तिच्याबरोबर काकांचा 'किकी' आधी. मग 'व्हिस्पर ऑफ द हार्ट', योशिफुमी कोंदो यांचा १९९५ चा, तोही तिला चालेल. त्यात शिझुकू नावाची नववीतली मुलगी स्वतःला अजमावायचं म्हणून एक गोष्ट लिहायला घेते. मार्क घसरतात. आई-वडील छोट्याशा घरात बसून तिच्याशी बोलतात, आणि वडील म्हणतात की तुला वाटतंय तसं कर, पण वेगळी वाट अवघड असते, पुढे कुणाला दोष देता येणार नाही. ते दृश्य तुम्ही आई म्हणून बघा. ओरडा नाही, कौतुकही नाही. ती लिहून पूर्ण करते, पहिल्यांदा एका आजोबांना वाचायला देते, आणि कच्चं झालंय हे तिला स्वतःलाच कळतं म्हणून रडते. आजोबा कच्चं नाही असं खोटं सांगत नाहीत. गरमागरम नूडल्स खायला घालतात.

'हाइक्यू' दहाव्या वर्षी चालेल, फक्त भाग पुष्कळ आहेत. शनिवारी दोन, असं ठरवून घ्या. आणि बघून झालं की लगेच 'काय शिकलीस' असं विचारू नका. दोन दिवसांनी तीच काहीतरी बोलेल.

सईची_आई

धन्यवाद, ताई. शनिवारी 'किकी' लावते.